खाली काही नसलेला पूल

नागपूर, १२ ऑगस्ट १९८३

अरुंधती,

आशीर्वाद आधी आणि भांडण मागाहून, म्हणजे रीत सांभाळली जाईल.

तुझ्या कंपनीचे नकाशे काल ऑफिसात पोचले. आराखडा करणाऱ्याच्या जागी तुझी सही पाहिली आणि शिपायापासून बड्या बाबूपर्यंत सगळ्यांना 'ही माझी भाची' म्हणून दाखवून आलो. मग गुंडाळी पूर्ण उलगडली, आणि एवढी घाई करायला नको होती असं वाटलं.

अगं, हा पूल आहे की काय आहे? मध्यावर एका माणसाच्या उंचीचा, आणि खांबाजवळ दोन माणसं एकावर एक उभी राहतील इतका जाड. केबली पाहाव्यात तर बहुतेक वरच्या अंगाला. मी जन्मभर लोखंड खाली घालत आलो. आणि सगळा पूल तुकड्यातुकड्यांत, त्यातही प्रत्येक तुकडा वेगळा! विटा बघ. कुठलीही वीट कुठंही बसते, म्हणून तर लोकांची घरं होतात.

मागच्या पावसाळ्यात कन्हान नदी माझं सेंटरिंग, पुलाखालचा सगळा आधार, बल्ल्यांसकट घेऊन गेली, हे कबूल. नदीतले दोन खांब तेवढे उभे राहिले. म्हणूनच वरिष्ठांनी तुम्हा मुंबईकरांना साकडं घातलं. तरीही सांगतो, पूल खालून वर यावा. हवेतून आडवा येणारा पूल मी पाहिलेला नाही.

आता मुद्द्याचं. ३१ मेला मी रिटायर होतोय. आजवर बांधलेल्या प्रत्येक पुलावरून पहिल्यांदा मी चालत गेलो आहे. पारशिवनीच्या वाटेवरचा हा शेवटचा. साहेब असतानाच या काठावरून त्या काठावर चालत जायचं, मग खुर्चीत कोणी का बसेना. एवढं जमेल असा पूल दे, बाकी तुझी जाडी-बारीकी मी सोसेन.

तुझा
विश्वनाथमामा

दादर, २४ ऑगस्ट १९८३

ती. मामा,

नमस्कार. भांडण मिळालं, आनंद झाला.

तुमच्या सेंटरिंगवर पूल ओतला की तो पूर्ण होईपर्यंत खाली निजलेला असतो. बल्ल्या काढल्या की एकदमच उभा राहतो. मला त्या एका दिवसाचाच हिशेब करावा लागला असता. पण कन्हानच्या डोहात बल्ल्या टिकत नाहीत हे तुम्हीच सिद्ध केलंत. (राग मानू नका.) म्हणून आता खांबापासून सुरुवात. एक तुकडा डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. खाली काही नाही. म्हणजे हा पूल रोज वेगळा असणार आणि त्याला रोज उभं राहावं लागणार. पूर्ण झालेल्या पुलाचा हिशेब मी थोड्याच दिवसांत केला. अर्धवट पुलांचा करण्यात उन्हाळा गेला.

केबली वर का? घरी दोन बादल्या भरा आणि दोन्ही हात फैलावून धरा. कळ कुठं येते ते बघा. खांद्यात आणि वरच्या बाजूला. म्हणून खांबाजवळ जाडी आणि म्हणून केबली वर. दोन हात मध्यावर एकमेकांना मिळाले की तिथं खालच्या केबली घालू, त्या तुमच्या आवडीच्या. तुकड्याची लांबीसुद्धा मी ठरवलेली नाही. तुमची क्रेन किती उचलते ते तुम्ही कळवलंत, तिनं ठरवली. खांबाजवळचे जड म्हणून आखूड, पुढचे हलके म्हणून लांब.

आणि विटांबद्दल. विटांच्या मध्ये बोटभर चुना असतो, तो सगळं सांभाळून घेतो. आपल्याला तुकड्यांच्या मध्ये फक्त एपॉक्सी गोंदाचा पातळ लेप द्यायचाय. म्हणून पहिला तुकडा तयार झाला की त्याच्याच अंगाला लावून दुसरा ओतायचा, दुसऱ्याच्या अंगाला तिसरा. मध्ये साबणाचं पाणी आणि शंखजिरं, म्हणजे चिकटत नाहीत. असे ओतले की सांध्यात नखही जात नाही. पण मग प्रत्येक तुकडा फक्त आपल्या शेजाऱ्याशीच जुळतो, परक्याशी नाही. तेव्हा नंबर ठसठशीत घाला.

३१ मे लक्षात आहे. मामीला नमस्कार.

तुमची
अरुंधती

नागपूर, २० नोव्हेंबर १९८३

अरुंधती,

बादल्यांचा प्रयोग केला. दोन्ही सांडल्या. यमूनं मला पुसायला लावलं, त्यामुळे धडा चांगला लक्षात राहिला.

तुला सांगायला लाज वाटते, पण मला तुझा पूल आवडायला लागलाय. काठावरच्या यार्डात सकाळी जातो तो जेवायलाच परत येतो. दोन खांबांचे मिळून चार हात, म्हणजे प्रत्येक उंचीची चार भावंडं. रांगेनं ओतून ठेवलीत. दोन तुकडे ओढून वेगळे केले की आम्ही सगळे खाली बसून कडा बघतो. आमचा ओव्हरसियर चंद्रभान कामठीचा. पॉलिटेक्निक केलंय, पण बोलतो मनापासून. परवा मला म्हणाला, "साहेब, पाहून राहिले न? याच्या गालावर खळी हाय तं त्याच्या गालावर बरोबर तिथंच फोड हाय." आणि खरंच होतं तसं. एकात चिमूटभर खड्डा राहिला होता, तर दुसऱ्यात तेवढाच उंचवटा आला होता.

सगळे तुकडे वर्ष संपायच्या आत ओतून होतील. पुढच्या महिन्यात अधिवेशन. विधानसभेची सगळी मंडळी नागपुरात असणार, आणि त्यातले बडे पाहुणे एक दिवस आमचं यार्ड बघायला येणार आहेत. तुझं नाव त्यांच्या कानावर घालतोच. सगळं चकाचक करायला सांगितलंय.

मामा

नागपूर, १७ डिसेंबर १९८३

अरुंधती,

तुझं अभिनंदनाचं पत्र मिळालं. भेट उत्तम झाली. पाहुणे खूश होते.

एक शंका. माझा एक जुना मित्र वर्ध्याकडे अशाच पुलावर आहे. (तू त्याला ओळखत नाहीस.) त्यानं विचारलंय, की समजा एकाच उंचीच्या दोन तुकड्यांची अदलाबदल झाली, तर बिघडतं का? दिसायला तर ते सारखेच. लेप थोडा जाड लावून भागेल का? त्याला उत्तराची जरा घाई आहे.

थंडी बेताचीच आहे. संत्री अजून आंबट आहेत.

मामा

दादर, २६ डिसेंबर १९८३

ती. मामा,

तुमच्या वर्ध्याच्या मित्राला सांगा, अजिबात नाही. चुकीचा शेजारी लावला तर सांध्यात एका बाजूला पोकळी राहते. जोर सगळा दोन-चार टोकांवर येतो आणि तिथलं काँक्रीट फुटतं. शिवाय प्रत्येक सांध्यात हात केसभर वाकडा झाला की टोकाला तो फूटभर भरकटतो, आणि पलीकडचा हात त्याला मिळतच नाही. लेप हा लेपच असतो, तो चुना नव्हे. आणि कडा स्वच्छ हव्यात, तेलाचं बोट लागलेलंसुद्धा चालत नाही.

पण मामा, खरं सांगा, पुन्हा तुमचं विटांचं सुरू झालंय ना? मित्राच्या आडून माझ्या नकाशाशी भांडताय. महिन्यापूर्वी पूल आवडतो म्हणालात म्हणून मी ऑफिसात पेढे वाटले! आणि वर्ध्याकडे असा पूल कुठं चाललाय? आमच्या साहेबांना ठाऊक नाही.

अरुंधती

नागपूर, ४ जानेवारी १९८४

अरुंधती,

हे पत्र तुझ्या मामांना न विचारता लिहून राहिले, तेव्हा उत्तर देताना माझं नाव काढू नकोस.

वर्ध्याला कोणी मित्र नाही. होता तो गोंडाणे, तो कधीच वारला.

अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात जे हलत नाही त्याला चुना लागतो, हे तू लहानपणापासून पाहिलंस. झाडांना, फुटपाथला, खांबांना. तर पाहुणे येणार म्हणून ह्यांनी हुकूम सोडला, सगळं पांढरं करा. माणसांनी फाटकापासून सुरुवात केली ती पुलाच्या तुकड्यांवरच थांबली. चारही बाजूंनी चुना, खाली गेरूचा पट्टा. त्याआधी क्रेननं ते सगळे तुकडे शाळेच्या कवायतीसारखे उंचीप्रमाणे रांगेत लावले, एका उंचीचे चार-चार शेजारी. पाहुण्यांना फार आवडलं म्हणे. फोटोही काढले.

पाहुणे गेले आणि मग ह्यांना तुझे नंबर आठवले. नंबर घातले होते गेरूनं, साइटवर घालतात तसे. पाण्यानं चुना धुवायला घेतला तर खालचा गेरूही गेला. आता कोण कोणाचा शेजारी ते कोणालाच ठाऊक नाही.

तुझं पत्र वाचून दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी विचारलं, तर म्हणे, "तिच्या पुलाला मीच काळं फासलं, यमू." मी म्हटलं, "काळं काहून, पांढरंच फासलं ना!" तर हसलेही नाहीत. आता रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. मेपर्यंत थांबायचं नाही, सगळा दोष डोक्यावर घेऊन लवकर घरी बसायचं म्हणतात. तुला तोंड दाखवायची हिंमत नाही त्यांची. हा माणूस असा अर्ध्यातून घरी बसला तर त्यालाही सोसणार नाही आणि मलाही नाही. काहीतरी कर.

तुझी
यमूमामी

दादर, ११ जानेवारी १९८४

ती. मामा,

रजेचा अर्ज फाडा. मामीनं मला सगळं कळवलंय; तिला रागावू नका, नाव काढू नकोस म्हणाली होती तरी मीच काढतेय.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू येईल असं वाटलं. मग कवायतीच्या रांगा डोळ्यांसमोर आल्या आणि ऑफिसात इतकी हसले की साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आपला नकाशा मागवून पाहिला. मग म्हणाले, नंबर ऑइल पेंटनं घाला असं आपल्याही नकाशावर लिहिलेलं नाही. तेव्हा अर्धा दोष इकडे ठेवलाय, सगळा तुम्हाला मिळणार नाही.

आता काम. तुम्हाला माझी जाडी-बारीकी आवडत नव्हती ना? तुमच्या विटांसारखा पूल असता तर सगळे तुकडे एका उंचीचे झाले असते आणि आज आपण कपाळाला हात लावून बसलो असतो. इथं उंची बघून तुकडा खांबापासून कितवा ते आपोआप कळतं. प्रश्न फक्त चार हातांपैकी कुठल्या हाताचा, एवढाच. म्हणजे प्रत्येक तुकड्याचा शेजारी चारांतून शोधायचा.

तो कसा शोधायचा ते तुमच्या चंद्रभाननं आधीच सांगितलंय. एकाची खळी, दुसऱ्याचा फोड. कडा साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुवा, तारेचा ब्रश कडेवरच्या खाचा-दांत्यांना लावू नका. मग प्रत्येक कडेवरच्या खुणा टिपा आणि जोड्या लावा. जुळलेली जोडी बाजूला ठेवा आणि या वेळी देवाशपथ ऑइल पेंट वापरा.

तुम्ही घरी बसलात तर मी हा पूल कुणाशी भांडत बांधू? मला दुसरा मामा नाही.

अरुंधती

नागपूर, २५ फेब्रुवारी १९८४

अरुंधती,

अर्ज फाडला. यमूनं त्याच्यात कोथिंबीर भरलेली सांबारवडी बांधून चंद्रभानला दिली.

जोड्या लागल्या! कशा लागल्या ते ऐक. आधी आम्ही खुणा कागदावर उतरवत होतो, पण खड्ड्याची खोली कागदावर येत नाही. दोन दिवस नुसता गोंधळ. यमूला घरी सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी बाईसाहेब जीपमधून परात घेऊन हजर. परातीत घट्ट मळलेली कणीक! कणीक खळीत दाबायची, अलगद काढायची आणि समोरच्याच्या फोडाशी ताडून बघायची. सरकारी खात्यात पूल जुळवायला कणीक वापरणारा मी पहिलाच असेन. चंद्रभान तर ओरडत सुटला, "मामी, जमलं! हा त्याचाच भाऊ हाय!" तिला आता सगळं यार्ड मामी म्हणतं. (कणीक नंतर धुऊन काढली, काळजी करू नकोस.)

एक तुकडा मात्र कुणाशीच जुळेना. नीट पाहिलं, तर पाहुणे ज्याच्यासमोर उभे राहून बोलले तोच. कडेवरच्या खाचा वाईट दिसतात म्हणून गवंड्यानं सिमेंटनं बुजवून, घोटून आरशासारख्या गुळगुळीत केल्या होत्या, त्याही दोन्ही अंगांनी. गवंडी बिचारा कौतुकाची वाट बघत उभा होता. त्याला काय बोलणार? हुकूम माझाच होता.

तो तुकडा हाताच्या ऐन मधला. आम्हाला वाटलं, आता त्याच्यापुढचे सगळेच पुन्हा ओतावे लागणार आणि माझा मे गेला. तुला कळवलं, आणि तुझी तार आली, "दोन शेजारी जागेवर ठेवा, मध्ये ओता." तार मी तीनदा वाचली. दोन्ही शेजारी ओतायच्या ओट्यावर नेमक्या अंतरावर बसवले, मधल्या जागेत नवा तुकडा ओतला. परवा ओढून काढला. दोन्ही अंगांनी चपखल! तू लहान असताना तुझी गणितं मी तपासायचो, हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

पण यात महिना-दीड महिना गेला. आता तुकडे चढवतो आहोत, एक इकडे, एक तिकडे. मेअखेर चारही हात पुरे होतील, पण मधला सांधा ओतायला जून उजाडेल. म्हणजे तो नव्या साहेबांच्या हातून. जे आहे ते आहे.

मामा

दादर, १४ मे १९८४

ती. मामा,

मधला सांधा जूनमध्ये, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. पण मला ती ओळ झोपू देईना. म्हणून हिशेब केला. ३१ मेला दोन टोकांमध्ये फक्त तीन फुटांची फट असेल. तिच्यावर जाड फळी टाका, दोन्ही बाजूंना दोर बांधा. फळी आणि मामा, दोघांचं मिळून वजन त्या पुलाला कळणारसुद्धा नाही. आमच्या साहेबांनीही तपासून सही केलीय. कागद सोबत आहे, नव्या साहेबांनी हरकत घेतली तर दाखवा.

तेव्हा साहेब असतानाच चाला. मला यायचं होतं, पण रजा नाही. सगळं लिहून कळवा, काही गाळू नका.

लेप पहाटेच लावताय ना? तुमच्या मे महिन्यात तो डब्यातच सुकेल.

अरुंधती

नागपूर, १ जून १९८४

अरुंधती,

काल मी रिटायर झालो. काही गाळू नका म्हणालीस म्हणून सगळं लिहितो, नाहीतर एक गोष्ट खुशाल गाळली असती.

ऊन चढायच्या आत पुलावर गेलो. नवे साहेब पलीकडच्या काठावर आधीच येऊन उभे होते. माणूस चांगला आहे, तुझा कागद बघायलाही मागितला नाही. चंद्रभाननं फळी टाकून, दोर बांधून, वर झेंडूची माळही लावली होती. तो पलीकडच्या टोकावर उभा राहिला. यमू माझ्या मागे, कडेवर सांबारवडीचा मोठा डबा. त्या काठावरच्या माणसांना ती वडी देणार होती.

मी ऐटीत टोकापर्यंत गेलो. तिथं पोचल्यावर खाली पाहिलं. आणि अरुंधती, मी तिथंच अडलो.

तुला आधी कधी सांगितलं नाही, कारण मलाही ठाऊक नव्हतं. मी इतकी वर्षं पुलांवरून पहिला चाललो, पण त्या वेळी खाली माझ्या बल्ल्या असायच्या. पूल चुकला तरी सेंटरिंग झेलेल, हे मनात पक्कं असायचं. मी पुलावर कधी विश्वास टाकलाच नव्हता, बल्ल्यांवर टाकला होता. काल खाली नुसता डोह होता, वर मी. तुझा हिशेब खिशात होता आणि तो मला तोंडपाठ होता. तरी पाय उचलेना.

चंद्रभान पलीकडून ओरडला, "साहेब, या न! काहून थांबले?"

मी म्हणालो, "काही नाही गा, चपलेचा पट्टा निघालाय." आणि खाली वाकून धडधाकट पट्टा लावत बसलो. नवे साहेब सभ्यपणे दुसरीकडे बघत होते. मनात म्हटलं, झालं. इथून परत फिरायचं आणि घरी जायचं.

तेवढ्यात माझ्या बाजूनं कुणीतरी गेलं. यमू! पदर खोचलेला, एक हात डब्याला, दुसरा दोरालाही नाही. स्वयंपाकघरातून ओसरीवर यावं तशी त्या फळीवरून चालत गेली. पलीकडे पोचली, चंद्रभानच्या हातात डबा दिला आणि वळून म्हणाली, "आता काय पाहून राहिले? या ना, वड्या थंड होतील."

मग गेलो. कसा गेलो ते मला आठवत नाही. फळी संपली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि माझ्या तोंडात वडी होती. तिथून त्या काठापर्यंत चालत गेलो, नव्या साहेबांच्या हातात चार्ज दिला. पुलावरचं पहिलं पाऊल माझं नव्हतं. त्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही.

परत येताना जीपमध्ये मी हळूच विचारलं, "यमू, तुला भीती नाही वाटली? खाली काहीच नव्हतं."

तिला माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "खाली काय असायला हवं होतं? मला वाटलं, पूल असेच बांधतात."

अगं, लग्नाला बत्तीस वर्षं झाली, यंदापर्यंत मी तिला एकदाही साइटवर नेलं नव्हतं. तिनं होताना पाहिलेला हा पहिलाच पूल.

तुझा
विश्वनाथमामा